न पाहिलेल्या वस्त्राची पारख



‘मॅक्सी’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडील दोन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे दोन निरनिराळी वस्त्रे उभी राहतात. अंबरनाथ-बदलापूरकडील एखाद्या चाळीतील गृहिणीस विचाराल तर मॅक्सी म्हणजे घरात वावरताना घालावयाचा सैल झगा. दाराशी दूधवाला आला की त्यावर एक ओढणी टाकली म्हणजे भागते. तिच्याच कॉलेजात जाणाऱ्या कन्येस विचाराल तर मॅक्सी म्हणजे कमरेशी बसणारा व तेथून घोट्यापर्यंत घेर सोडीत जाणारा, लग्नाच्या स्वागतसमारंभास शोभणारा एकसंध पोशाख. पाश्चात्त्य देशांत आखूड ‘मिनी’चे स्तोम माजले होते, तिच्या विरुद्ध टोकास १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा लांब पोशाख आला, म्हणून त्याचे नाव मॅक्सी. आपल्याकडे त्या नावाने शयनगृहातही प्रवेश केला, त्याला इलाज नाही. मात्र ऑनलाइन बाजारात हा एक शब्द टाकताच दोन्ही जातींची वस्त्रे एकाच रांगेत येऊन उभी राहतात, एवढे प्रथम ध्यानात ठेवावे.

आजचा विषय दुसऱ्या जातीच्या मॅक्सीचा. त्यातही ती नवी नव्हे, तर एकदोनदा वापरलेली, नामांकित रचनाकाराचे नाव ल्यालेली, आणि दुकानाची पायरी न चढता मोबाइलच्या पडद्यावर पाहून विकत घ्यावयाची. निवृत्त मास्तरास या विषयात काय कळते, असे कोणी म्हणेल. माझे वडील शिंपीकाम करीत. शिलाईयंत्राच्या खडखडाटात मी पाढे पाठ केले. पुढे मॅट्रिक होऊन मास्तर झालो, तरी कोणताही कपडा हाती आला की आधी त्याची उलटी बाजू पाहावयाची ही घरची खोड सुटली नाही. गेल्या वर्षी अंबरनाथच्या एमआयडीसीतील एका कारखान्याच्या कचेरीत काम करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी मोबाइल घेऊन मजकडे आली. भावाचे लग्न होते. नव्या पोशाखाची किंमत तिच्या महिन्याच्या पगाराशी स्पर्धा करीत होती, आणि तोच पोशाख वापरलेला म्हणून साडेतीन हजारांस कोणी देऊ करीत होते. साडेतीन हजार रुपये ही रक्कम काहींस क्षुल्लक वाटेल. तिच्या घरी तो दोन महिन्यांचा किराणा होता. तिला मी जे प्रश्न विचारावयास सांगितले, तेच आज आपणांस सांगावयाचे आहेत.

नावास एवढी किंमत का पडते, हे आधी पाहू. ब्रिटनच्या राजघराण्यातील सून केट ही १० एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या ओव्हल मैदानावर मुलांबरोबर क्रिकेट खेळली, तेव्हा तिच्या अंगावर अनिता डोंगरे यांनी रचलेला छापील पोशाख होता. ती छायाचित्रे प्रसिद्ध होताच त्या पोशाखासाठी अशी झुंबड उडाली की विक्रीचे संकेतस्थळच कोलमडले. कापड तेच, शिलाई तीच. परंतु एका प्रसंगाने त्यास जे मोल आले ते कापडाचे नव्हते. नामांकित वस्त्राच्या किमतीत असा एक भाग कापडाचा, एक कारागिरीचा आणि उरलेला, बहुधा सर्वांत मोठा, नावाचा असतो. आता गंमत अशी की, ज्या छायाचित्रांमुळे हे वस्त्र महाग होते त्यांच्याचमुळे ते लवकर जुनेही होते. एका लग्नात मिरवलेला पोशाख शंभर जणांच्या मोबाइलवर पोचतो, आणि मग तोच दुसऱ्या लग्नात घालणे नको वाटते. अशी धडधाकट वस्त्रे कपाटात पडून राहतात व अखेर विक्रीस निघतात. जुन्या मॅक्सींचा पुरवठा कोठून होतो, याचे उत्तर हेच.

जुने कापड आपणांस वर्ज्य नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी होते, मऊ झालेल्या जुनेराचे बाळासाठी दुपटे होते, थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर येतो. परंतु घरातले जुनेर मायेचे, आणि परक्याचे जुनेर मात्र उतरलेले, टाकलेले, अशी आपली समजूत. मला ही समजूत फारशी टिकण्याजोगी वाटत नाही. रेल्वेच्या बाकावर बसताना आपण आधी कोण बसले होते हे विचारीत नाही. आणि कापड तर धुता येते.

जुन्या कपड्यांचा व्यापार काही मोबाइलबरोबर जन्मास आला नाही. डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन दुपारच्या वेळी आळीत हाक देत येणारी बोहारीण आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती उंबऱ्याशी बसे. साडी उलगडली की प्रथम ती उजेडाकडे धरून विरलेली जागा शोधी. मग पदर सोडून निऱ्यांचा भाग पाही, कारण कापड झिजते ते तेथे. सदऱ्याची कॉलर उलटी करी, पँटची आसनाची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाही. जर असेल तर ती बोटाने घासून खरी की खोटी ते ठरवी, कारण खऱ्या जरीत चांदी असे व जुन्या शालूचे मोल त्या चांदीवर ठरे. एवढे झाले की मग पातेले द्यावयाचे की नुसती वाटी, यावर अर्धा तास घासाघीस. तिला अक्षरओळख नसली तरी चालत असे, कारण तिच्या दृष्टीने कपड्यावर लिहिलेल्या नावास शून्य किंमत होती. ती विकत घेई ते कापडाचे उरलेले आयुष्य.

मोबाइलवर खरेदी करणाऱ्याची अडचण नेमकी येथेच आहे. बोहारणीचे डोळे आणि बोटे काम करीत. येथे बोटे निरुपयोगी, आणि डोळ्यांना दिसते ते विकणाऱ्याने दाखवावयाचे ठरविलेले तेवढेच. त्यामुळे मन नकळत एका गोष्टीवर विसंबते, ती म्हणजे मानेपाशी शिवलेली नावाची पट्टी. आणि साऱ्या वस्त्रात सहज बदलता येण्यासारखी वस्तू कोणती असेल तर तीच.

आमच्या भागातील माणसास हे वेगळे सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांस तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. घरदार, शेतीवाडी, दुकाने मागे टाकून आलेल्या त्या मंडळींनी बराकीच्या एका खोलीत पापड लाटले, बिस्किटे भाजली, शिलाईयंत्रे मांडली. हाती भांडवल नाही, नाव नाही. तेव्हा दुसऱ्याच्या नावासारखे काही करून विकणे हा एक मार्ग काहींस सापडला. ‘मेड इन यूएसए’ याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आमच्या लोकलच्या डब्यांत इतक्या वेळा झाला आहे की आता त्यावर कोणी हसतही नाही. त्या विनोदात थोडा अन्याय आहे. गजानन मार्केटात व जपानी बाजारात आज जे कापड व तयार कपडे मिळतात, त्यांतील कितीतरी उघडपणे स्वतःच्याच नावाने विकले जातात आणि शिलाईस कोठेही हार जाणारे नसतात. कॅम्प पाचमधील जीन्सच्या कारागिरांचे हात मी पाहिले आहेत. त्या हातांस नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही.

प्रश्न कारागिरीचा नसून पट्टीचा आहे, आणि कायद्यानेही हाच भेद मानला आहे. एखाद्या पोशाखाची ठेवण, म्हणजे गळा, बाही, घेर यांची रचना, दुसऱ्याने उचलली तर ती दर वेळी गुन्हा होतेच असे नाही. डिझाइन कायदा, २००० यान्वये रचनेची नोंदणी केली असेल तर तिला १० वर्षे, व पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. नोंदणी करता येण्याजोगी असूनही केली नसेल, तर त्या रचनेच्या वस्तू यंत्राने ५० हून अधिक निघताच तिचा कॉपीराइटही संपतो, असे १९५७ च्या कायद्याचे कलम १५ सांगते. परंतु दुसऱ्याच्या नावाची खोटी पट्टी लावणे, किंवा तशी पट्टी लावलेला माल विकणे, हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे अपराध आहे. त्यास ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पासून २,००,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तेव्हा ‘अमक्यासारखी मॅक्सी’ म्हणून हजार रुपयांस विकणारा दुकानदार बहुधा प्रामाणिक असतो. ‘अमक्याचीच, पण तुमच्यासाठी साडेतीन हजारांस’ म्हणणाऱ्यास प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न छायाचित्राचा. जाहिरातीतील छायाचित्र जर कंपनीचेच, उंच सडपातळ तरुणीच्या अंगावरचे असेल, तर ते पाहून न पाहिल्यासारखे करावे. विकणाऱ्याच्या हाती वस्त्र खरोखर आहे की नाही, हे कळण्यास एक साधी युक्ती आहे. कागदावर आजची तारीख लिहून तो कागद पोशाखावर ठेवावा व छायाचित्र पाठवावे, असे सांगावे. ज्याच्याजवळ वस्तू आहे त्यास यात दोन मिनिटांचे काम. ज्याच्याजवळ नाही तो रागावतो.

यानंतर बोहारणीप्रमाणे झिजेच्या जागा. साडीत निऱ्या झिजतात, मॅक्सीत खालची कड झिजते, कारण लांब घेर जमिनीवरून फरफटत जातो. उंच टाचेच्या चपलेखाली सापडून कडेशी बारीक भोके पडतात. आमच्या विठ्ठलवाडीच्या किंवा उल्हासनगरच्या पुलाचा जिना पावसाळ्यात ज्या मॅक्सीने एकदा उतरला, तिची कड पुढे कधीही पहिल्यासारखी होत नाही. म्हणून कडेचे छायाचित्र आतून व बाहेरून, दोन्हीकडून मागावे. कड कापून आखूड केली असेल तर तेथील टीप बाकीच्या टिपेशी जुळत नाही, हेही त्यात दिसते. दुसरी जागा काखेची. घामाचा डाग व अत्तराचा पिवळेपणा तेथे बसतो आणि धुऊन निघत नाही. चेन आहे तेथे ती उघडी व मिटलेली दाखविण्यास सांगावे. अस्तर असेल तर त्याची कमरेपाशील शिवण पाहावी. बाहेरून नवेकोरे दिसणाऱ्या पोशाखाचे अस्तर पुष्कळदा आधीच सुटलेले असते.

आता उलटी बाजू. माझ्या वडिलांचे म्हणणे असे की, शिंप्याची नियत शिवणीच्या आत कळते. उत्तम पोशाखात शिवणीच्या आत कापडाची पुरेशी ‘माया’ सोडलेली असते, पुढे कपडा उसवून मोठा करता यावा म्हणून. स्वस्त नकलेत कापड वाचवावयाचे असते. तेथे माया जेमतेम असते आणि कडा भराभर इंटरलॉक करून टाकलेल्या असतात. छापील वस्त्र असेल तर बाजूच्या शिवणीवर नजर ठेवावी. महाग पोशाखात फूल एका तुकड्यावर अर्धे व दुसऱ्यावर अर्धे येऊन शिवणीवर जुळते, कारण त्यासाठी कापड वाया घालविण्याची तयारी असते. नकलेत फुलाचा देठ एकीकडे व पाकळी दुसरीकडे. नावाची पट्टी खोटी करणे पाच रुपयांचे काम आहे. फुले जुळविणे तसे नाही. हे दोन्ही पुरावे एका छायाचित्रात मावतात, आणि नावाच्या पट्टीहून त्यांवर मी अधिक भरवसा ठेवीन. पट्टी अर्धी कापलेली असेल तर मात्र लगेच दचकू नये. निर्यातीतून उरलेल्या मालाच्या पट्ट्या तशा कापण्याची पद्धत आहे. परदेशांत वापरलेले कपडे भारतात आणण्यास मात्र सरकारचा परवाना लागतो, तेव्हा ‘थेट परदेशातून आलेला’ या बढाईस फार महत्त्व देऊ नये.

मापाविषयी एकच सांगणे: आकडा विचारू नये, इंच विचारावेत. अमेरिकेचा ८ क्रमांक तो ब्रिटनचा सुमारे १२ क्रमांक; आपल्याकडील कंपन्यांचा ‘एम’ प्रत्येकीचा निराळा. आपल्या अंगास नीट बसणारा एखादा पोशाख सपाट जमिनीवर पसरावा. काखेपासून काखेपर्यंत, कमरेशी, नितंबाशी आणि खांद्यापासून कडेपर्यंत टेपने मोजावे. आणि विकणाऱ्याकडूनही तीच चार मापे तशीच मागावीत. खांद्यापासून कडेपर्यंतचे माप विसरू नये. साडेपाच फुटी स्त्रीची मॅक्सी पाच फुटी स्त्रीच्या अंगावर झाडूचे काम करते.

कापड कोणते, हाही प्रश्न मापाशीच जोडलेला आहे. अंगावर झुळझुळणाऱ्या पुष्कळशा मॅक्सी व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनच्या असतात. रेयॉन आम्हांस परका नाही. उल्हासनगरच्या शहाड बाजूस रेयॉनचा धागा कित्येक दशके निघत आहे. लाकडाच्या लगद्यापासून निघणारा हा धागा दिसण्यास रेशमासारखा, परंतु एका बाबतीत नाजूक: ओला झाला की त्याचे बळ निम्म्याजवळ येते, आणि गरम पाण्यात तो आकसतो. यास्तव ‘किती वेळा धुतली व कशी धुतली’ हे अवश्य विचारावे. कंपनीच्या माहितीत लांबी ५४ इंच आणि विकणाऱ्याच्या टेपवर ५१ भरत असेल, तर तीन इंच धुण्यात गेले किंवा कड कापली गेली, याहून तिसरे कारण बहुधा नसते.

माझ्या विद्यार्थिनीने पहिल्या विक्रेत्यास यांतले तीनच प्रश्न विचारले. तारखेचा कागद ठेवून छायाचित्र देण्यास त्याने ‘वेळ नाही’ म्हटले. कडेच्या छायाचित्राऐवजी पुन्हा मानेपाशील पट्टीचेच छायाचित्र आले, तेही अस्पष्ट. आणि मग, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, वस्तू राखून ठेवण्यासाठी ५०० रुपये आगाऊ पाठवावेत, असा निरोप व सोबत पैसे भरण्याचा चौकोनी संकेत. तिने पाठविले नाहीत. चार दिवसांनी तीच जाहिरात तेच छायाचित्र घेऊन दुसऱ्या नावाने उभी राहिली.

पैशांच्या बाबतीत फसवणुकीचे प्रकार रोज नवे निघतात; त्यांची यादी देत बसलो तर हे भाषण संपावयाचे नाही. दोन गोष्टी मात्र घरातील विकणाऱ्या मंडळींसही सांगून ठेवाव्यात. यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही; ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हटले की तो आपल्या खात्यातून पैसे काढीत आहे असे खुशाल समजावे. आणि बाजार चालविणाऱ्या कंपनीचा मार्ग सोडून ‘परस्पर व्यवहार करू, स्वस्त पडेल’ असे म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये, कारण पुढे तक्रार करावयाची ती त्या कंपनीच्या दाराशीच. ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अशा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची व एका महिन्यात निवारण करावयाचे असते. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५. आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावयाचे तर ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यास फी पडत नाही. पैसेच लुबाडले गेले तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० हा क्रमांक फिरवावा. योगायोग असा की, विकलेला माल सांगितलेल्या वर्णनास उतरला पाहिजे असे कलम १५ मध्ये सांगणारा मालविक्रीचा कायदाही १९३० चाच आहे. त्याच कायद्याचे कलम १६ मात्र असे की, मालाच्या दर्जाची हमी सर्वसाधारणपणे कायदा आपण होऊन देत नाही. अर्थ स्पष्ट आहे: विकणाऱ्याकडून वर्णन जितके तपशीलवार लिहून घ्याल तितका आपला पाय घट्ट. ‘चांगल्या स्थितीत’ या शब्दांवर भांडता येत नाही. ‘काखेत डाग नाही, लांबी ५४ इंच’ यावर येते.

त्या मुलीस पुढे ठाण्याच्या एका बाईंकडून मॅक्सी मिळाली. बाईंनी न विचारताच कळविले होते की कडेशी टाचेचे एक भोक आहे व कमर एक वेळ आत घेतली आहे. दोन हजार शंभर रुपयांस व्यवहार ठरला. पुडके आले तेव्हा तिने ते उघडतानाची चित्रफीत धाकट्या भावाकडून काढून घेतली, म्हणजे आत काय निघाले याविषयी वाद उरू नये. मायेतून एक दोरा काढून तो आम्ही काडीने पेटवून पाहिला: कागदासारखा जळून राखेची भुकटी झाली, प्लास्टिकप्रमाणे वितळून गोळी झाली नाही, म्हणजे बाईंनी रेयॉन म्हटले ते खरे. वस्त्र सावलीत दोन दिवस वाऱ्यावर टाकले, मग थंड पाण्यात, न पिळता, एकदा काढले.

कमर मात्र दीड इंच कमी पडत होती. कॅम्प तीनमधील शिंप्याने शिवण उसवली. आत भरपूर माया होती. परंतु ती सोडताच दोन्ही बाजूंस गडद निळी, मूळ रंगाची अशी एक उभी पट्टी दिसू लागली, कारण बाकीचे कापड उन्हाने व धुण्याने किंचित विटले होते आणि आतले विटले नव्हते. शिंप्याने तिच्यावर निळाच बारीक गोट बसविला व शिलाईचे एकशे साठ रुपये घेतले.